हानी झालेल्या व्यक्ती (आकड्यात लिहावे)

देशाच्या सुरक्षेसाठी कोणाला तरी खोटं बोलावं लागतं, कोणाला तरी चोरांशी दोस्ती करावी लागते आणि अधूनमधून थोडं विषही इकडून तिकडे जाऊ द्यावं लागतं. ही कामं तशी कोणीही करू शकतो. ती तीन प्रतींत, तारीखवार आणि वरिष्ठांच्या सहीनिशी करणं मात्र फक्त सुसंस्कृत सरकारलाच जमतं. अशा एका सरकारच्या अशाच एका कार्यालयात मी एकोणीस वर्षं आवक-जावक विभाग सांभाळतो आहे. आमच्याबद्दल बाहेर जे बोललं जातं ते ऐकून मला मनापासून वाईट वाटतं. (जे बोललं जातं ते खरं आहे. वाईट वाटतं ते बोलण्याच्या पद्धतीचं.)

आमचं कार्यालय गुप्त आहे. दारावर 'शेती अवजारे सांख्यिकी (पूरक)' अशी पाटी आहे. खाली झेरॉक्सचं दुकान आहे. कोणी पत्ता विचारला तर दुकानदार मान वर न करता सांगतो, "गुप्तवाले ना? दुसरा मजला. जिन्यात दिवा नाही, जपून." पाटी वाचून कधीकधी एखादा माणूस खरोखरच फावड्यांची आकडेवारी मागायला येतो. त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं तर संशय येईल, म्हणून आम्ही ती गोळा करत गेलो. दोन वर्षांपूर्वी फावड्यांच्या दांड्यांवरील उत्कृष्ट कामाबद्दल आम्हाला ढाल मिळाली. गुप्त कामाबद्दल अजून काही मिळालेलं नाही. ते गुप्त असल्यामुळेच मिळालं नसावं.

त्या गुप्त कामाचा मुख्य आधार म्हणजे सीमेपलीकडच्या डोंगरात राहणारे एक गृहस्थ. फाइलमध्ये त्यांचं नाव 'भोपळा'. (सांकेतिक नावं भाज्यांच्या यादीतून क्रमाने दिली जातात. त्यात कोणाच्या कर्तबगारीवर शेरा मारण्याचा हेतू नाही.) भोपळा आम्हाला डोंगरातल्या बंडखोरांच्या खबरा देई. त्या बदल्यात त्याची पोती आमच्या नाक्यावरून न उघडता सोडली जात. पोत्यांत काय असतं हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, त्यामुळे ते लिहून ठेवण्याची गरज पडली नाही. फाइलमध्ये 'पूरक साहित्य' असा शब्द होता. शहरात त्याला 'पावडर' म्हणत.

सहा वर्षांत भोपळ्याने दोनशे बारा खबरा दिल्या. त्यांपैकी एकशे एकाहत्तर आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आलेल्या होत्या. एकोणतीस त्याच्या धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्यांबद्दल होत्या. त्या सगळ्यांना आम्ही तत्परतेने पकडलं. अकरा हवामानाबद्दल होत्या आणि बऱ्यापैकी बरोबर निघाल्या. उरलेली एक अत्यंत महत्त्वाची होती: बंडखोर नदीवरचा मोठा पूल पाडणार आहेत. आम्ही ताबडतोब माणसं पाठवली. पूल तोवर आपणहून पडला होता, त्यामुळे बंडखोरांचा डाव साफ फसला. हे यश आमच्या वार्षिक अहवालात पहिल्या पानावर आहे.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग विधिमंडळाच्या एका समितीत एका वृद्ध सदस्यांनी विचारलं, "या सगळ्यात माणसांची हानी किती होते, ते कोणी मोजतं का?" सदस्यांना ऐकू कमी येई. कोणते प्रश्न विचारायचे नाहीत हे इतरांनी आपापसांत ठरवलेलं त्यांच्या कानावर गेलं नव्हतं. प्रश्न नोंदला गेला. नोंदला गेल्यावर उत्तर देणं भाग पडलं आणि उत्तर द्यायला 'नैतिक हानी मापन अधिकारी' हे पद निघालं. पदाच्या नावात 'मापन' होतं, म्हणून माणूस वजन-मापे खात्यातून मागवला.

तो माणूस म्हणजे तराजू. हे आम्ही ठेवलेलं नाव. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही असावं. उंच, किडकिडीत, खिशात तीन पेनं आणि हातभर लांबीची पोलादी पट्टी. बावीस वर्षं दुकानदारांची वजनं तपासलेला माणूस. त्यांच्या सासऱ्यांच्या दुकानातलं पाच किलोचं वजन वीस ग्रॅम कमी भरलं, तेव्हा त्यांनी सासऱ्यांवर खटला भरला आणि त्याच दिवशी ठरल्याप्रमाणे जेवायलाही तिथेच गेले. वहिनी सांगतात, त्या दिवशी वाढायला कोणी पुढे होईना, तर यांनी आपल्या हाताने वाढून घेतलं, मोजकंच.

आमच्याकडे त्यांचं काम सोपं होतं. दर मंगळवारी नाक्यावर चाळीस पोती यायची. प्रत्येकावर पिवळं लेबल लागायचं: 'पूरक साहित्य. मापन झाले. उघडू नये.' त्याखाली तराजूंची सही. नंतर पहिल्यापासून चालत आलेला एक तक्ता भरायचा. त्यातला सातवा रकाना असा: 'हानी झालेल्या व्यक्ती (आकड्यात लिहावे)'. तिथे 'निरंक' लिहायची पद्धत होती.

पहिल्याच आठवड्यात ते मोठ्या साहेबांकडे गेले. साहेब दिलखुलास माणूस. खिडकीत कुंड्या लावायचा त्यांना नाद आहे, आणि कोणी अडचण घेऊन आला की त्याच्या हातात आधी पाण्याची झारी देतात.

"निरंक म्हणजे मोजले आणि कोणी निघालं नाही असं, की मोजलेच नाहीत असं?" तराजूंनी झारी हातात धरून विचारलं.

"निरंक म्हणजे निरंक," साहेब म्हणाले. "त्या कोपऱ्यातल्याला जरा कमी घाला, कुजतं ते."

तराजूंनी कमी घातलं. पुढचे अकरा महिने त्यांनी पोती तोलली आणि निरंक लिहिलं. आत काय आहे हे त्यांना कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण वजनाच्या माणसाला वजन दिलं की तो बाकी बघत नाही, आणि पोती ग्रॅमभरही इकडेतिकडे नसत. "काय वाट्टेल ते म्हणा," ते मला म्हणाले होते, "या भोपळ्याच्या मापात पाप नाही."

त्यांचा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. त्याचं दुकान म्हणजे रस्त्याच्या कोपऱ्यावरची एक फळी आणि तिच्यामागे एक माणूस. दुसरा आत शिरला तर पहिल्याला बाहेर यावं लागे. पण हात असा स्थिर, की केसाएवढा स्क्रू तो बोलता बोलता बसवी. आजूबाजूच्या चार गल्ल्यांची वेळ त्याच्या हातात होती. त्या वर्षी ती बिघडत गेली. आधी समोरच्या शिंप्याचं घड्याळ दिवसाला वीस मिनिटं पुढे जाऊ लागलं. मग शाळेची घंटा चुकली आणि मुलं एक तास आधी सुटली. (याबद्दल तक्रार आली नाही.) माझं स्वतःचं घड्याळ तासकाटा आणि मिनिटकाटा यांची अदलाबदल होऊन परत आलं. मी ते पंधरा दिवस तसंच वापरलं. कार्यालयात काही फरक पडला नाही.

त्यांची आई तराजूंना म्हणाली, "त्याचे हात थरथरतात रे. थंडी वाजते म्हणतो. अशक्तपणा असेल, तू एकदा बघून ये."

तराजू रविवारी सकाळी गेले. भाऊ भर उन्हात स्वेटर घालून बसला होता. समोर एक घड्याळ उघडं पडलेलं, आणि तो त्याच्याकडे नुसता बघत होता. तराजूंनी स्प्रिंगांचा खण ओढला. त्यात स्प्रिंगांच्या जागी पुड्या होत्या, पिवळ्या कागदाच्या. एकीवर 'उघडू न' एवढं वाचता येत होतं. दुसरीवर अर्धी सही होती.

"दादा, ते राहू दे," भाऊ म्हणाला.

"किती दिवस झाले?"

"मोजले नाहीत. मोजायचं काम तुझं."

हे सगळं तराजूंनी मला सोमवारी सांगितलं. आवक खिडकीशी उभं राहून, हळू आवाजात. पुडीचा कागद त्यांनी माझ्यासमोर ठेवला, वर पट्टी ठेवून सपाट केला. "सही माझी आहे," ते म्हणाले. "पोतं नाक्यावर उघडत नव्हते, पण कुठेतरी उघडत असणारच ना. मी तिथवर गेलोच नाही." मी त्यांना धीर द्यायचा प्रयत्न केला. लेबलं फाडून पुड्या बांधणं हा सरकारी कागदाचा गैरवापर आहे, भोपळ्याला खुलासा विचारता येईल, असं सुचवलं. डोळे पुसायला त्यांनी माझ्या टेबलावरचा टिपकागद घेतला. तो मी नंतर खर्ची टाकला.

मंगळवारी त्यांनी लेबलांवर सही करायचं नाकारलं आणि सातव्या रकान्यात '१' लिहिलं.

त्या एका आकड्याने आमच्या कार्यालयात जी धावपळ झाली ती पुलाच्या वेळीही झाली नव्हती. सहा वर्षांत त्या रकान्यात आकडा कधी आलाच नव्हता. तक्ता छापताना तो फक्त 'निरंक' मावेल एवढाच आखला होता. साहेबांनी बैठक घेतली. ती तीन तास चालली आणि मी तिचं इतिवृत्त लिहिलं. एका अधिकाऱ्यांचं म्हणणं पडलं की घड्याळदुरुस्ती हा तसाही बुडता धंदा आहे, तेव्हा हानी आधीचीच धरावी. दुसऱ्यांनी विचारलं की सदर इसमाने पुडी स्वतःच्या हाताने घेतली का, आणि घेतली असल्यास हात थरथरण्याच्या आधी की नंतर. तिसरे जेवणानंतर आले होते, त्यांनी दोघांनाही अनुमोदन दिलं. तराजू म्हणाले, "एक आहे. कमी भरत असेल तर तोलून दाखवा." कोणी तोललं नाही.

बैठक संपल्यावर साहेबांनी त्यांना एकट्यांना थांबवून घेतलं. (मी इतिवृत्ताच्या कागदांसह पडद्याजवळ होतो. मला सहसा कोणी मोजत नाही.)

"तुमचा भाऊ तो माझा भाऊ," साहेब म्हणाले. आणि मी शपथेवर सांगतो, या वेळी त्यांनी हातात झारी दिली नाही. "तळ्याकाठी आपलं आरोग्यधाम आहे. गुपितं बाळगून थकलेल्या अधिकाऱ्यांसाठी बांधलंय. दोनशे साठ खाटा आहेत आणि सध्या तिघे निवृत्त साहेब बुद्धिबळ खेळतात. डॉक्टर उत्तम आहेत. उद्या पाठवा त्याला. बरा होऊनच येईल. तुम्ही फक्त रकाना पहिल्यासारखा करा."

"लेखी द्या," तराजू म्हणाले.

साहेबांनी तिथल्या तिथे मला मजकूर सांगितला. मनाने मोठा माणूस, आवरतं घेणं त्यांना जमत नाही. 'पूरक साहित्यामुळे बाधित झालेल्या, या कार्यालयाच्या कर्मचाऱ्यांच्या सर्व नातलगांवर आरोग्यधामात संपूर्ण उपचार करण्यात येतील. नातेसंबंध कर्मचाऱ्याने स्वतः प्रमाणित करावा. आदेश अतिगोपनीय.' रकान्याची अट अर्थातच लिहिली नाही. अशा अटी लिहायच्या नसतात.

तराजूंनी विचार करायला तीन दिवस मागितले. घरी त्यांनी आईला सगळं सांगितलं.

"लिही की निरंक," आई म्हणाली. "एका शब्दानं पोर वाचतंय."

"आई, ते खोटं माप होईल."

"आणि अकरा महिने काय खरं होतं?"

दुसऱ्या दिवशी ते सरकारी रुग्णालयात गेले, कारण आकडा द्यायचा असेल तर आधी मोजायला हवं, हे त्यांच्या हाडात होतं. भाऊ त्या रविवारपासून तिथे दाखल होता, म्हणून आईही डबा घेऊन बरोबर निघाली. तळमजल्यावरच्या त्या वॉर्डात दोन रांगांच्या मध्ये तिसरी रांग जमिनीवर होती. तिथल्या सिस्टर चार वर्षं एकाच वहीत नावं लिहीत होत्या.

"तुम्ही कोणाचे?" त्यांनी तराजूंना विचारलं.

"मोजायला आलोय."

"मोजून काय करणार?"

"अजून ठरलं नाही."

"ठरवून घ्या," सिस्टर म्हणाल्या, आणि वही त्यांच्या हातात दिली. "चार वर्षांत बघायला मागणारे तुम्ही पहिले."

वहीत त्या दिवसापर्यंत उपचार चालू असलेली दोनशे अडतीस नावं होती. तीस वर्षं एकही अपघात न केलेला बसचालक. भिंतीकडे तोंड करून झोपलेले व्यायामशिक्षक. त्या तिसऱ्या रांगेत शिंप्याची मुलगी होती, जी दोन वर्षांपूर्वी पोहण्यात शहरात पहिली आली होती आणि आता पेला तोंडापर्यंत नेऊ शकत नव्हती. आईने मुलाला भरवलं आणि डब्यात उरलेलं घेऊन त्या मुलीपाशी बसली.

"हिच्याकडे कोण येतं?" तिने विचारलं.

"वडील यायचे. आता येत नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "लाज वाटते त्यांना."

"मग आमचीच समजा," आई म्हणाली, आणि पुढचा घास केला.

तराजू तिथेच उभे होते. त्यांनी सिस्टरांकडे ती वही एका दिवसासाठी मागितली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या खिडकीवर नातलगांची यादी दाखल केली. भाऊ एकशे त्रेसष्ट, बहिणी अठ्ठावन्न, आत्या नऊ, काका सात, सासरे एक. (सासरे आधीच एक होते, पण त्यांच्याशी संबंध ताणलेले असल्याचं सर्वश्रुत आहे.) प्रत्येक नावापुढे पत्ता, वय आणि 'नाते प्रमाणित' असा शेरा, खाली सही. यादीच्या शेवटी साक्षीदार म्हणून रुग्णालयातल्या बाईंनी नाव न लिहिता नुसतं 'सिस्टर' लिहिलं होतं. तेही नातंच समजून मी ते यादीत धरलं आणि बहिणी एकोणसाठ केल्या. माझी चूक झाली, हे मी मान्य करतो. त्या बाईंनाही आरोग्यधामात खाट मिळाली. त्यांनी तिथे जाऊन सलग अकरा तास झोप घेतली, आणि उठल्यावर विचारलं की चादरी कोण धुतं, कारण नीट धुतलेल्या नाहीत.

साहेबांनी यादी वाचली. चष्मा काढून पुन्हा वाचली.

"दोनशे एकोणचाळीस नातलग?"

"मोठं कुटुंब आहे, साहेब."

"पुरावा?"

"कर्मचाऱ्याने स्वतः प्रमाणित करावं, असं आदेशात आहे. सही आपली आहे."

आदेश रद्द करायचा तर तो समितीपुढे न्यावा लागणार होता, आणि तिथे ते कमी ऐकू येणारे सदस्य पुढच्या रांगेत बसत. आदेशाची वाच्यता करायची तर तो अतिगोपनीय. साहेबांनी बराच वेळ कुंड्यांना पाणी घातलं, अगदी त्या कोपऱ्यातल्यालाही. मग म्हणाले, "पाठवा." आणि तक्त्याकडे बोट केलं. "आता तेवढं निरंक."

तराजूंनी पेन काढलं आणि सातव्या रकान्यात २३८ लिहिलं. अट तोंडी होती. तोंडी वजन ते धरत नाहीत. (सिस्टरांना मात्र त्यांनी हानीतून वगळलं. मी त्यांच्याइतका काटेकोर माणूस दुसरा पाहिला नाही.)

तर अशा रीतीने ते आरोग्यधाम सहा वर्षांनी प्रथमच भरलं. तिघे निवृत्त साहेब आधी खूप रागावले, पण बसचालक बुद्धिबळात तिघांनाही हरवू लागल्यावर त्यांना आयुष्यात काहीतरी करायला मिळालं. शिंप्याची मुलगी पाचव्या महिन्यात तळ्याच्या पलीकडे पोहत जाऊन परत आली. काठावर शिंपी उभा होता, हातात टॉवेल घेऊन. त्याला आईने दटावून आणलं होतं. धाकट्या भावाचे पहिले दोन महिने कसे गेले ते मी लिहीत नाही, दादाने ते शेजारच्या खुर्चीवर बसून काढले. आता त्याच्या हाताला थोडा कंप आहे, पण भिंतीवरची मोठी घड्याळं तो नीट लावतो. मनगटावरची घेत नाही.

नऊ जण परत आले नाहीत. तराजूंनी प्रत्येकासाठी नियमाप्रमाणे जवळच्या नातलगाच्या निधनाची रजा मागितली आणि नऊही वेळा ती मंजूर करावी लागली. प्रत्येक वेळी ते त्या त्या घरी जाऊन बसले. तिथल्या लोकांना ते काय सांगत, मला माहीत नाही. बहुधा आपली सही कोणती ते सांगत असावेत.

या सगळ्यानंतर त्यांची बदली पुन्हा वजन-मापे खात्यात झाली. शिक्षा म्हणून, पण जाताना ते शीळ घालत जिना उतरले, त्या अंधारात.

मात्र रकान्यात आकडा राहिला होता, आणि आमच्या नियमावलीत एक कलम आहे जे लिहिणाऱ्यालाही बहुधा आठवत नसेल: सातव्या रकान्यात आकडा आल्यास कार्यवाही पुढे चालू ठेवण्याबाबत जनतेचं मत घ्यावं. जाण्यापूर्वी तराजू त्यासाठीची जाहीर सूचना लिहून ठेवून गेले होते. तिच्यात 'पूरक साहित्य' हा शब्द नव्हता. 'आपल्या शहरात विष येतं ते आम्ही येऊ देतो. त्याने दोनशे अडतीस माणसं आजारी पडली, त्यांतली नऊ गेली. हे असंच चालू ठेवावं का? हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावं.' खाली आमचा पत्ता, मजला आणि जिन्यात दिवा नसल्याची सूचना. साहेबांनी कलम तीनदा वाचून पाहिलं. पण कलम ते कलम. शहरातल्या सर्वांत खपाच्या वर्तमानपत्रात, तिसऱ्या पानावर, ठळक अक्षरांत ती सूचना तीस दिवस सलग छापली.

तीस दिवस मी आवक खिडकीत बसून होतो. नवी नोंदवही आणली होती, दोन पेनं भरून ठेवली होती. एकूण त्रेसष्ट हरकती आल्या. त्रेसष्टही अशा की, तिसऱ्या पानावरचं शब्दकोडं या सूचनेमुळे मागच्या पानावर गेलं आहे आणि तिथे चौकोन बारीक छापले जातात.

सरकार जनतेचं ऐकत नाही अशी तक्रार असते, म्हणून मुद्दाम सांगतो: या हरकतींची तातडीने दखल घेण्यात आली आणि शब्दकोडं मूळ जागी, मोठ्या चौकोनांत पूर्ववत करण्यात आलं. मूळ विषयावर कोणाचीच हरकत नसल्याने पोतीही पूर्ववत करण्यात आली. लेबलांवरची सही हल्ली माझी असते.

ती त्रेसष्ट पत्रं मी जपून ठेवली आहेत. सवडीने येऊन आपलं त्यात आहे का ते पाहून जा. असेल, तर आपण एक जागरूक नागरिक आहात. नसेल, तर आपण तेवढीसुद्धा तसदी घेतली नाहीत.